पाण्यातले तास

अंकाचा विषय 'पाणी' ठरला तेव्हा धरणं, टँकर, गोदावरी, कोयना हे सगळे मानकरी आधीच वाटले गेले होते. "तुम्ही जरा वेगळं काही बघा," एवढंच संपादक म्हणाले. ते वेगळं बघायला मी गेले ती पुण्यातल्या एका जलतरण तलावावर, रात्री साडेनऊला. शिकाऊ मंडळींची शेवटची बॅच नुकतीच आटोपली होती. खोल बाजूच्या काठावर अभियांत्रिकीची दहा-बारा मुलंमुली एका ॲल्युमिनियमच्या सांगाड्याभोवती उकिडवी बसली होती. सांगाड्याच्या मधोमध ॲक्रिलिकची जाड पारदर्शक नळी, तिच्यात लुकलुकणाऱ्या दिव्यांची आणि वायरींची दाटी, भोवती आठ छोटे पंखे. मुलं याला नुसतं 'बॉट' म्हणतात. कागदोपत्री तो एयूव्ही आहे, म्हणजे माणसाच्या मदतीशिवाय पाण्याखाली फिरणारं वाहन. कॉलेजचं नाव छापायचं नाही, ही मुलांची अट होती. स्पर्धेच्या निकालाच्या आधी गाजावाजा नको.

तलावाचे रखवालदार काका लांबूनच बघत होते. न राहवून त्यांनी विचारलं, "पाण्यात करंट तर उतरणार नाही ना?" विजेचा विभाग सांभाळणारी मुलगी उठली आणि शांतपणे सांगायला लागली. बॅटरी पंधरा व्होल्टची आहे, घरातल्या सॉकेटची नाही. हे लाल बटण ओढलं की सगळे पंखे जागच्या जागी बंद पडतात. बॉट थोडा हलका ठेवलेला असतो, त्यामुळे बंद पडला तर आपोआप वर तरंगतो. काकांचं समाधान झालं असावं, कारण खुर्ची त्यांनी चार फूट पुढे ओढली.

दोघांनी बॉट पाण्यात सोडला. पोहता येणारा एक जण त्याच्यासोबत उतरला. बॉट मीटरभर खाली गेला, थबकला, समोरच्या पीव्हीसी पाइपच्या कमानीकडे निघाला, अर्ध्या वाटेत डावीकडे वळला आणि भिंतीवर जाऊन आदळला. कुणीही हळहळलं नाही. बॉट बाहेर काढून लॅपटॉप जोडला, नोंदी उघडल्या आणि "वळायच्या आधी त्याला काय दिसलं?" यावर वाद सुरू झाला. तासाचं भाडं भरलेलं होतं आणि घड्याळ चालू होतं.

हाक पोचत नाही तिथे

ड्रोन उडवणाऱ्या मुलांकडे दोन आधार असतात, उपग्रहाचा आणि हातातल्या रिमोटचा. पाण्याखाली हे दोन्ही सुटतात. वाय-फायच्या किंवा जीपीएसच्या रेडिओलहरी पाण्यात थोड्याच अंतरात विरून जातात. म्हणून पाण्याखालच्या यंत्रांचे दोनच वंश आहेत. एक केबलने वरच्या माणसाशी बांधलेला. त्याला आरओव्ही म्हणतात. दुसऱ्याच्या पोटातच मेंदू असतो, तो एयूव्ही. या मुलांचा बॉट दुसऱ्या वंशातला. एकदा सोडला की त्याला काठावरून थांब म्हणायचीही सोय नाही.

आपण कुठे आहोत हे त्याला कसं कळावं? त्याच्यात वेगातला बदल आणि कल मोजणारे सेन्सर असतात, पण त्यांच्या बारीक चुका साठत जातात. डोळे बांधून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. काही मिनिटांत हिशेब आणि जागा यांची फारकत होते. त्यावरचा उपाय म्हणजे डीव्हीएल. हे यंत्र तळाच्या दिशेने आवाजाचे चार झोत सोडतं आणि परतलेल्या आवाजाच्या कंप्रतेत किती फरक पडला त्यावरून वेग काढतं. त्याची किंमत लाखांत जाते. परिणामी पाण्याखालच्या स्पर्धांमध्ये श्रीमंत संघ आणि गरीब संघ ओळखायची सोपी खूण म्हणजे बॉटच्या पोटाखाली डीव्हीएल आहे की नाही. या संघाकडे आहे, पुरस्कर्त्याने दिलेलं. त्याची पेटी प्रवासात कुणाच्या मांडीवर असेल, हे आधीच ठरलेलं असतं.

कॅमेऱ्याचीही पंचाईत असते. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे काठावर भडक नारिंगी दिसणारी वस्तू काही मीटर खाली मळकट होते. दिवसा आणखी एक त्रास. पृष्ठभागाच्या लाटांमधून ऊन वाकतं आणि तळावर उजेडाचं जाळं हलत राहतं. कमान, बोया, चौकट ओळखायला शिकवलेला प्रोग्राम या जाळ्याने गोंधळतो. आणि या संघाला तलाव मिळतो रात्री, तर स्पर्धा असते भर उन्हात. रात्रीच्या चित्रांवर शिकलेला बॉट दुपारी नापास होऊ शकतो, हे मुलांना पक्कं माहीत आहे. एखाद्या रविवारी दुपारचे दोन तास मिळावेत म्हणून त्यांची खटपट चालली होती.

भोसरीतली खाच

पाणी आत शिरू न देणं हे या कामातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कंटाळवाणं शास्त्र. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तलावात तो फारसा नसतो, पण बॉटमध्ये पन्नास ठिकाणांहून पाणी येऊ शकतं. नळीचं झाकण, प्रत्येक पंख्याची वायर, प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक स्क्रू. या सगळ्यांचा भरवसा रबराच्या एका बारीक कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर. ती बसते धातूत कापलेल्या खाचेत. खाच जास्त खोल झाली तर रिंग दाबली जात नाही, उथळ झाली तर चिरडते. आणि खाचेच्या तळाशी हत्याराचा एखादा आडवा ओरखडा राहिला, तर पाण्याला तेवढी वाट पुरते.

झाकणं भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये होतात. तिथले मालक मोटारींचे सुटे भाग करतात; मुलांचे दोन-चार नग त्यांच्या दृष्टीने धंद्याचे नाहीतच. तरी मशीन रिकामं सापडलं की ते करून देतात. मुलांनी संगणकावर काढलेलं पहिलं चित्र बघून ते म्हणाले होते म्हणे, की इथे टूल शिरणार कुठून? कॉलेजात तीन वर्षं शिकून जे कळलं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने कळलं, असं यांत्रिकी विभागाच्या मुलाने सांगितलं. आता चित्र काढण्याआधी तो वर्कशॉपला चक्कर मारतो.

बॉट पाण्यात टाकण्यापूर्वी हातपंपाने नळीतली हवा ओढून घेतात आणि दाबमापकाकडे बघत बसतात. काटा जागचा हलला नाही तर सील धरलं. हलला तर प्रत्येक ओ-रिंग काढून पुसायची, केस किंवा धूळ अडकली आहे का बघायचं, सिलिकॉनचं ग्रीस पुन्हा लावायचं. ही परीक्षा संघातला सगळ्यात नवा सदस्य घेतो आणि वहीत वेळ, आकडा, सही लिहितो. त्याची सही नसेल तर कर्णधारालाही बॉट उचलता येत नाही.

त्यानंतर तोल. जवळजवळ तीस किलोचा बॉट पाण्यात किंचित हलका हवा. जास्त हलका झाला तर त्याला खाली धरून ठेवण्यातच बॅटरी संपते. म्हणून वर फोमचे तुकडे आणि खाली जाळ्याला लावतात तसली शिशाची वजनं लावून, दहा-वीस ग्रॅमची घासाघीस करत तोल साधतात. बॅटऱ्या मुद्दाम तळाशी आणि फोम माथ्यावर. मग बॉट कलंडला तरी स्वतःहून सरळ होतो.

चार कान

स्पर्धेतलं अवघड काम आवाजाचं आहे. तलावात कुठेतरी पिंगर ठेवलेला असतो. तो ठरावीक वेळाने माणसाला ऐकू न येणारा 'टिक' करतो आणि बॉटने त्याच्या दिशेने जायचं असतं. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. बॉटच्या अंगावर चार हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन असतात. कोणाला आवाज आधी पोचला, कोणाला नंतर, यावरून दिशा काढायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण हे कान एकमेकांपासून किती लांब ठेवायचे? तीस किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट पाण्यात पाच सेंटिमीटरची. दोन कानांतलं अंतर तिच्या अर्ध्यापेक्षा, म्हणजे अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त झालं, तर कुठली लाट कुठल्या लाटेशी जुळवायची ते कळत नाही आणि दिशा साफ चुकते. अंतर दोन सेंटिमीटर धरलं, तर दोन कानांना आवाज पोचण्यातला फरक जास्तीत जास्त सेकंदाचा पंचाहत्तर हजारावा भाग. एवढ्या अवधीचं मोजमाप मुलांनी स्वतः जोडलेल्या सर्किटने करायचं, तेही शेजारी आठ मोटारी घुमत असताना.

वर प्रतिध्वनी. फरशांनी मढवलेल्या भिंतींवरून प्रत्येक टिक दहादा परत येतो. शहाणा प्रोग्राम फक्त सगळ्यात आधी आलेला आवाज धरतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करतो. हा भाग ज्या मुलीकडे आहे ती बोलायला लागली की बाकीचे गप्प बसतात. तिला तलावातल्या एकेका कोपऱ्याचा प्रतिध्वनी ओळखीचा झालाय.

नाणेफेक करून सुरुवात

या मुलांची नजर आहे रोबोसबवर. अमेरिकेत १९९८ पासून भरणारी ही विद्यार्थ्यांच्या स्वयंचलित पाणबुड्यांची स्पर्धा वर्षानुवर्षं सॅन दिएगोला, अमेरिकी नौदलाच्या ट्रान्सडेक या तलावात होत असे. सोनार तपासण्यासाठी बांधलेला, साडेअकरा मीटर खोल, सुमारे सव्वादोन कोटी लिटरचा हा तलाव. त्याचा आकारच असा, की भिंतींवरून प्रतिध्वनी कमीत कमी यावा. २०२४ पासून स्पर्धा अर्व्हाइनच्या सार्वजनिक जलतरण तलावावर गेली. म्हणजे पुण्यातल्या मुलांना जो प्रतिध्वनी छळतो, तो आता तिथेही सगळ्यांना छळतो.

नियम वाचण्यासारखे आहेत. ५७ किलोच्या वर वजन गेलं की बाद. सुरुवातीला बॉटचं तोंड कुठे असावं हे नाणेफेकीने ठरवून घेता येतं. उलट्या दिशेला तोंड करून सुरुवात केली आणि तरी कमान सापडली तर जादा गुण. कमानीतून जाताना कोलांटी किंवा गिरकी घेतली तर त्याचेही गुण. पुढे छोटे टॉर्पीडो छिद्रातून मारायचे, वस्तू नेमक्या खोक्यात टाकायच्या, पिंगर शोधून ठरलेल्या चौकटीत वर यायचं. पाण्याबाहेर तांत्रिक अहवाल आणि परीक्षकांसमोरचं सादरीकरण यांनाही गुण असतात.

भारतीय संघांना हे मैदान नवीन नाही. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या 'मत्स्य' या बॉटने २०१६ साली रोबोसबमध्ये दुसरा क्रमांक मिळवला होता. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओटीने, देशातल्या विद्यार्थ्यांसाठी 'सेव्ह' ही स्पर्धा भरवून अशा संघांना देशातच हात आजमावायला जागा करून दिली. पवईच्या मुलांच्या यशाची चर्चा होते तेव्हा बुद्धिमत्तेचं कौतुक होतं. त्यांच्या आवारातच जलतरण तलाव आहे, याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पुण्याच्या संघातल्या मुलांचं मात्र लक्ष बरोबर तिकडेच होतं.

आठशे डॉलरचा बॉट

पैशांचा विषय निघाला की या क्षेत्रातली मुलं हमखास एक गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या गरीब पश्चिम भागात कार्ल हेडन नावाची सरकारी शाळा आहे. तिथल्या चार मुलांनी २००४ साली सँटा बार्बराच्या विद्यापीठात भरलेल्या मेट या आरओव्ही स्पर्धेत भाग घेतला. चौघेही मेक्सिकोतून आलेले, कागदपत्रं नसलेले. सोबत ॲलन कॅमेरॉन आणि फ्रेडी लाज्वर्दी हे दोन शिक्षक. शाळांच्या गटात न उतरता त्यांनी महाविद्यालयांच्या गटात नाव दिलं. मोठ्यांकडून हरलो तर लाज नाही, हा हिशेब. बॉट पीव्हीसी पाइपचा, खर्च सुमारे आठशे डॉलर. पाइप चिकटवण्याच्या गोंदाच्या वासावरून नाव पडलं 'स्टिंकी'. समोर एमआयटी, ज्यांचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर.

स्पर्धेच्या तोंडावर त्यांच्या बॉटच्या पेटीत पाणी झिरपायला लागलं. सगळं उघडून जोडायला वेळ नव्हता. उपाय म्हणून पाणी शोषायला त्यांनी दुकानातून टॅम्पॉन आणून सर्किटशेजारी ठेवले, आणि ते पुरले. पण जिंकण्याचं कारण ते नव्हतं. पाण्यातल्या कामगिरीत ते पहिले आलेच नव्हते. लेखी अहवाल आणि तोंडी परीक्षेत मात्र प्रत्येक निर्णय का घेतला हे त्यांना सांगता आलं, आणि एकूण गुणांत त्यांनी एमआयटीला मागे टाकलं. पुढे या गोष्टीवर लेख, पुस्तक आणि २०१५ मध्ये चित्रपट आला.

ही गोष्ट आपल्याकडे 'पैसा नसला तरी जिद्द पुरते' अशी सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. वाळवंटातल्या त्या शाळेला स्वतःचा तलाव नव्हता. डायव्हिंग शिकवणाऱ्या एका दुकानाने त्यांना आपला तलाव वापरू दिला. दोन शिक्षकांनी आपल्या सुट्ट्या दिल्या. आठशे डॉलरच्या हिशेबात या दोन गोष्टींची किंमत धरलेली नाही. ती धरली तर बॉट स्वस्त राहत नाही.

विमानतळावरची तोंडी परीक्षा

बॉट तयार झाला तरी तो समुद्रापार न्यायचा कसा, हा वेगळाच विषय. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही. शंभर ते १६० मधलीला विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून संघाने मोठी एक बॅटरी न करता छोट्या केल्या. १४.८ व्होल्ट गुणिले दहा अँपिअर-तास, म्हणजे १४८. बॉटची रचना इथे समुद्राने ठरवली नाही, विमानतळाने ठरवली. या छोट्या बॅटऱ्यांवर बॉट किती मिनिटं चालेल, त्यात कुठली कामं बसतील, कुठली सोडायची, हे सगळं त्या एका आकड्यापासून निघतं.

नंतर कस्टम. यंत्र बाहेर नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट नावाचा कागद काढता येतो. भारतात तो 'फिक्की' देते. त्यात प्रत्येक सुट्या भागाची यादी, किंमत, वजन. स्पर्धेत एखादा पंखा जळला आणि तिथेच टाकून दिला, तर परतताना यादीत तो कमी भरतो. म्हणून जळका पंखासुद्धा घरी आणायचा. संघाचा व्यवस्थापक वाणिज्य शाखेचा नाही, संगणकाचा आहे. पण ही यादी त्याला तोंडपाठ आहे. व्हिसाच्या तारखा, परीक्षेच्या तारखा आणि स्पर्धेच्या तारखा एका फळ्यावर तीन रंगांत लिहिलेल्या असतात आणि दरवर्षी दोन रंग कुठेतरी एकमेकांवर येतातच.

सीनियर गेल्यावर

सगळ्यात मोठी गळती ओ-रिंगमधून होत नाही. ती दर जूनमध्ये होते. चौथ्या वर्षाची मुलं नोकरीला लागतात आणि त्यांच्यासोबत डोक्यातलं सगळं निघून जातं. हायड्रोफोनच्या पाटीवर हा छोटा कपॅसिटर का लावला, हे लावणाऱ्यालाच माहीत. तो बंगळुरूला. रात्री अकराला फोन. "दादा, आर-बाराची व्हॅल्यू बदलली तर चालेल का?" दादा मीटिंगमध्ये.

यावर संघाने काढलेला उपाय म्हणजे वही. प्रत्येक विभागाची एक, संगणकावर नाही, कागदाची, कारण तलावाच्या काठावर ओल्या हाताने तीच उघडते. काय केलं यापेक्षा काय केलं आणि चाललं नाही, याची पानं जास्त. नव्या मुलांना पहिले काही महिने सील तपासण्यापलीकडे बॉटला हात लावायला मिळत नाही. त्यांनी वही वाचायची, ओ-रिंगला ग्रीस लावायचं आणि सीनियरच्या मागे उभं राहून 'का' विचारायचं. जुनी पद्धत आहे, पण कार्ल हेडनची मुलं ज्यामुळे जिंकली तेच इथे शिकवलं जातं. प्रत्येक स्क्रूमागचं कारण सांगता आलं पाहिजे.

ही मुलं पुढे कुठे जातात? बरीचशी सॉफ्टवेअरमध्ये, हे खरं. पण काही पाण्याकडेच राहतात, आणि तिथे काम वाढतंय. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे छोटं स्वयंचलित यान कधीच बनवून दाखवलं. एनआयओटीचं 'रोसब' २०१० साली हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल गेलं. आता तिघांना सहा हजार मीटर खाली नेणाऱ्या 'मत्स्य-६०००' पाणबुडीचं काम तिथे चालू आहे. त्या खोलीवर दाब सुमारे सहाशे वातावरणांचा, आणि माणसं बसणार टायटॅनियमच्या गोलात. पण तिथलंही झाकण, तिथलंही सील आणि तिथलीही तपासणीची सही या मुलांनी तलावाच्या काठावर शिकलेल्या शिस्तीचीच थोरली आवृत्ती आहे. धरणाच्या भिंती तपासणं, बंदरातल्या खांबांची पाहणी, जहाजांच्या तळाची दुरुस्ती ही कामं तर महाराष्ट्रात आजच पडून आहेत आणि त्यांतली कितीतरी अजून पाणबुड्या माणसाचा जीव टांगणीला लावून होतात.

हिशेब

मुलांशी, त्यांच्या शिक्षकांशी आणि वर्कशॉपवाल्यांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं. आपल्या संघांना कमी पडतात ते पाण्यातले तास. प्रोग्राम वसतिगृहात लिहिता येतो, झाकण भोसरीत होतं, पैसे मागून जमतात. पण बॉटचं खोलीवर स्थिर राहणं, उन्हातली कमान ओळखणं, फरशीवरचा प्रतिध्वनी वेगळा काढणं हे फक्त पाण्यात उतरूनच बसवावं लागतं. संगणकावरच्या नकली तलावात शंभरदा जमलेली गोष्ट खऱ्या पाण्यात पहिल्यांदा फसते, कारण नकली तलावात ना ऊन असतं, ना फरशी, ना पंख्याला अडकणारा केस.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनी गजबजलेल्या या राज्यात अशा संघांनी वापरावा असा एखादा सामाईक चाचणी तलाव विद्यापीठांनी मिळून बांधणं अवघड नाही. पाच मीटर खोल, वर छप्पर सरकवता येणारं, काठाला एक क्रेन, एवढं पुरे. तो होईपर्यंतची सोय आजच आहे. नगरपालिकांचे, क्लबांचे, शाळांचे तलाव रात्री आणि दुपारच्या भर उन्हात रिकामे असतात. हा लेख वाचणाऱ्यांमध्ये अशा एखाद्या तलावाचे विश्वस्त, नगरसेवक किंवा व्यवस्थापक असतील, तर त्यांना विनंती: जवळच्या महाविद्यालयात असा संघ आहे का, याची चौकशी करा आणि आठवड्याचे चार तास त्यांच्या नावावर लिहून टाका, त्यातले दोन दुपारचे. करंटची भीती वाटत असेल तर बॅटरीचा आकडा विचारून घ्या. मुलं नीट समजावून सांगतात.